शिवांजलीची चौकशी

—न्हाय, न्हाय, कडी वाजवून काय उपयोग, कुलूपच हाय. कल्याणप्पा रानात गेलाय आणि गिरिजाबाई पोरीला घेऊन उमरग्याला, कसल्या तरी झेरॉक्स काढायला. इकडं ओट्यावर या, सावली हाय. मी नागम्मा, शेजारीण — भिंतीला भिंत. त्यांच्यात फोडणी पडली की शिंक मला येती, आता बोला! काय म्हणालात — माणसं कशी हाईत? किती वर्षं झाली इथं राहून? पोरगी कुठं वाढली? आलं ध्यानात, पाव्हणं, आलं. पुढचं सांगायला नगं. इस्त्रीचा शर्ट, काखेत बॅग, आणि घरच्यांच्या आधी शेजाऱ्याला विचारायचं — सोयरीक करायची तर आमच्यात बी असंच करत्यात. शेजारणीएवढं खरं दुसरं कोण सांगणार? कुणीच न्हाय. मग ऐका.

माझ्या तोंडातनं गेलं म्हणू नका, पण ही माणसं इथली न्हाईतच. मूळ कुठलं, कोणाचं कोण — कुणाला ठाव? सरहद्दीच्या पलीकडची, कर्नाटकातली. आणि ती पोरगी, शिवांजली, तिचा तर जलमच तिकडचा, आळंदकडचा. आज्जीजवळच वाढली, चांगली घोडी होईपत्तोर — आत्ता आत्ता आली इकडं, दहावीला का अकरावीला. आईच्या हाताखाली दिवस काढले न्हाईत, मग वळण कुठनं येणार? भाकरी थापली तर काठ फाटलेला, मधी भोक. आणि तोंड म्हणाल तर — लिवून घ्यायलात व्हय? कमाल हाय बाई, आता पाव्हणं बी वही घेऊन यायलेत! घ्या, घ्या. आळंद लिवा. ‘चौदा-पंधरा वर्षं तिकडंच’ — हां, तसंच. ठळक लिवा, म्हंजे तुमच्या घरच्यांना लांबनंच दिसंल.

आणि तिचं ध्यान लग्नात हायच कुठं? नर्सिंगला चाललीय ती. बीएस्सी. सा म्हैन्याचा कोर्स न्हाय, चार वर्षं — वर रातपाळ्या. बाप म्हणत हुता आर्ट्स घे, सोपं पडतंय. हिनं अडून बसून जीवशास्त्र घेतलं, कारण त्याबिगर नर्सिंगला घेतच न्हाईत म्हणं. भिंतीवर कागद चिटकवलाय — पहिल्या सहामाहीला शरीररचना, पुढं औषधं, पुढं बाळंतपण — कवा काय शिकायचं, कुठलं आधी वाचून ठेवायचं, सगळं आखलेलं. आजून कॉलेजचं दार बघितलं न्हाय आणि हाडांची नावं पाठ! माझा हात धरून म्हणती, मावशी, ह्या एवढ्या मनगटात आठ हाडं हाईत — पन्नाशी गाठली माझी, मला कुणी सांगितलं न्हवतं! मागल्या म्हैन्यात माझ्या पायाला खिळा लागला, तर काय हलका हात तिचा, काय सफाई — म्हंजे — तसं न्हाय, तोंडाळच हाय. सांगत काय हुते? हां. सीईटी दिली, नंबर लागला, सरकारी कॉलेज मिळालं. परवा शुक्रवारी कागद दिले की जागा पक्की, न्हाय दिले की गेली. सगळे झालेत, एक ऱ्हायलाय — डोमिसाईल. त्याला तलाठ्याची चौकशी लागती. जुना बदलून गेला, नवा आलाय म्हणं, आजून गावात कुणी तोंड बघितलं न्हाय त्याचं. त्यो येऊन गेला की मोकळी पोर. तवा पाव्हणं, तुमी आपलं दुसरं घर बघा. ह्या मुरूम गावात पुष्कळ पोरी हाईत.

काय? कुणाचा कागद? दावा की. आता चष्मा कुठं— असू द्या, फोटो दिसतोय. ह्यो फोटो... ह्यो तर शिवांजलीचा. मीच गेलते संगं, केसाला पाणी लावून बसवलेलं तिला. तुमच्याकडं कसा आला? पाव्हण्यांना असला फोटो कोण देतंय — आणि ह्यो शिक्का —

तुमी...

अय्यो शिवने.

सायेब, पेन खाली ठेवा. आधी पेन ठेवा. ते सगळं खोडा. येत न्हाय कसं? वहीच हाय की, पान फाडा! सायेब, म्या बोलले त्यातलं एक न्हाय खरं. म्हंजे जलम तिकडचा, तेवढं खरं — गिरिजाबाईचं माहेर आळंदकडं, बाळंतपण माहेरीच करत्यात की, तुमच्या आईचं काय तहसीलात झालं हुतं? चुकलं, चुकलं, तोंडच असलं हाय माझं. चाळीस दिवसांची हुती तवा आणली. इथं, ह्या दारात उतरली, भाकर-तुकडा म्या ओवाळून टाकलाय. तिसऱ्या वर्षापासनं अंगणवाडीत मीच नेलीय, मी मदतनीस हाय तिथली, आज बी हाय. पहिलीपासनं शाळा इथली, दाखला बघा की! मूळ म्हणाल तर कल्याणप्पाच्या आज्याची समाधी हाय रानात, बापाची बी हाय, त्याच बांधाला. कुणी समाध्या संगं घेऊन फिरतंय का?

वर पाठवावं लागंल म्हंजे? दोन जबाब दोन तऱ्हेचे आले की तहसीलदाराकडं — किती दिवस? पंधरा? सायेब, परवा शुक्रवार हाय.

का बोलले म्हणून काय विचारता. तिची थोरली भन हाय, शिवप्रिया. तीन वर्षांमागं असाच एक जण आला, तुमी बसलात तिथंच बसला. माणसं कशी, पोरगी कशी. आणि मी — माझी जीभ! सोन्यासारखी पोर हाय म्हणलं, चार माणसं जेवायला म्हणली तर सहाचा सैपाक करून ठेवती, वर शब्द न्हाय, अशी शोधून सापडायची न्हाय. मला काय, वाटलं चांगलं बोलावं. कल्याणप्पा गरीब माणूस, पर चांगलं स्थळ म्हणलं की पाघळतो. पंधरा दिवसांत सुपारी फुटली. पोरीचे बारावीचे दोन पेपर ऱ्हायले, हळदीतच ऱ्हायले. नर्सिंगचं येड आधी तिचं हुतं, सायेब. धाकटी वाचती ती पुस्तकं तिचीच, पहिल्या पानावर शिवप्रियाचं नाव हाय. आता सणाला येती, दोन लेकरं घेऊन. माझ्या पाया पडती, बोलती. न्हाय बोलत असं न्हाय. पर माझ्याकडं बघत न्हाय. म्हणून ठरवलं हुतं — ह्या पोरीला कुणी विचारायला आलं तर असं बोलायचं की परत ह्या गल्लीत पाऊल टाकू नये. चांगलं बोलून एकीचं घालवलं, आता वाईट बोलून —

न्हाय, रडत न्हाय. मुकाट्यानं सांगते, नवा कागद घ्या — आधीचं मीच खोटं ठरवलं की दोन तऱ्हेचं ऱ्हात न्हाय, वर पाठवायला नगं. घ्या म्हणते ना. लिवा: मी नागम्मा, अंगणवाडी मदतनीस, आधी दिलेला जबाब खोटा हाय, म्याच दिला, सोयरीक मोडायला दिला. हसताय काय, तसंच लिवा. ऐकलंय म्या, सरकारी माणसाला खोटं सांगितलं म्हणून माझ्यावर कागद येऊ शकतो, मदतनीसाचं काम जाऊ शकतं — मघाशी मीच सांगितलं न्हवं का मदतनीस हाय म्हणून, आता न्हाय कशी म्हणू? येऊ द्या. त्याखाली लिवा: मुलगी चाळीस दिवसांची असल्यापासनं इथंच. हाडामासाची इथली. ‘हाडामासाची’ न्हाय लिवत व्हय कागदावर? मग ‘कायम रहिवासी’ लिवा. अंगठा कशाला, सही करते, सातवी शिकलेय मी. इथं? ... घ्या. पुरं नाव घातलंय, कोण म्हणायला नगं की नागम्मा दुसरी हुती. आता ह्यो कागद आजच तहसीलात जाईल का? ‘बघतो’ नगं सायेब, जाईल म्हणा.

मग बसलात काय अजून? कल्याणप्पाची वाट बघू नका, त्याचा अर्ज तुमच्याकडं हायच, शेजारणीचा जबाब लागतो त्यो झाला. गाडी काढा. साळंकडनं जावा, समाध्या रस्त्यालाच दिसत्यात, डोळ्यानं बघून जावा. मी सांगते गिरिजाबाईला, नवे तलाठी येऊन गेले, काय काय बोलणं झालं, कसं —

न्हाय. न्हाय सांगत. कुणालाच काय सांगत न्हाय.

जावा तुमी.