बाबांनी काढलेली गळती

बाबा : …आणि आता बघ. परवा सकाळी काठोकाठ भरलं होतं, आजही काठोकाठ. बोट घाल हवं तर.

लेक : बाबा, गावाला जाताना मी तुम्हाला काय सांगून गेले होते?

बाबा : या मातीच्या नळकांड्यांत पाणी भरत जा.

लेक : आणखी काही?

बाबा : आणखी काही नाही.

लेक : मग आतून लेप लावा, हे कुणी सांगितलं?

बाबा : असल्या गोष्टी सांगाव्या लागतात का? सकाळी भरावं तर दुसऱ्या दिवशी निम्मं. पुन्हा भरावं, पुन्हा निम्मं. बाहेरून हात लावला तर सगळी ओलीचिंब. म्हटलं, पोरगी भोळी, कुणीतरी कच्ची भाजलेली गळ्यात मारली.

लेक : कुणी गळ्यात मारली नाहीत! मी दहा ठिकाणी फिरून मुद्दाम तशी आणली. पाझरायलाच हवीत ती. ऑर्किडला कुंडीतली माती नको असते, बाबा. झाड नळकांड्याला बाहेरून चिकटून बसतं, आतलं पाणी झिरपत झिरपत मुळांपाशी येतं, तेवढ्यावर त्याचं भागतं.

बाबा : म्हणजे गळकं भांडं तू पैसे मोजून घेतलंस.

लेक : हो, घेतलं!

बाबा : कमाल आहे. जन्मभर मी लोकांच्या गच्च्या नि टाक्या कोरड्या केल्या. गळकं मुद्दाम घेणारं गिऱ्हाईक कधी भेटलं नाही, ते नेमकं माझ्या पोटी जन्माला आलं. अगं, माझ्या हाताला नावाजायचे लोक. एका टाकीला दुसऱ्या कुणी भलताच लेप फासला होता. चार माणसं छिन्न्या घेऊन बसली, निघेना. मी नुसतं कोमट पाणी भरून ठेवलं. संध्याकाळी दुधावरची साय काढावी तसा अख्खा लेप हातात—

लेक : टाकीचं राहू द्या हो! माझ्या झाडांचं बोला.

जावई : चहा घ्या बाबा. तू पण घे गं. आल्या आल्या पर्स तरी खाली ठेव.

लेक : आणि तू रे? तू तर घरातच होतास ना? तुला दिसलं नाही?

जावई : मी औषधाचं दुकान बंद करून येतो तेव्हा माझे डोळे अर्धे मिटलेले असतात. मला वाटलं, बाबांनी नळकांडी धुतली. ओळीने उलटी घातली होती.

लेक : उलटी? झाडांसकट?

बाबा : मग जादा लेप निथळणार कसा? आत ओतायचा, गोल फिरवायचा, पालथं घालायचं. पातळ थर बसलाय बघ. काचेसारखा.

लेक : त्या कडेच्या झाडाला पहिल्यांदा कळ्या आल्या होत्या हो! किती वर्षं वाट बघत होते मी.

बाबा : कळ्या शाबूत आहेत. खाली उशी ठेवली होती मी.

लेक : माझी?

बाबा : जावईबापूंची.

जावई : तरीच.

लेक : हसू नकोस. बाबा, इकडे या. चष्मा लावा. ही मुळं ओली असली की हिरवी दिसतात. आता कशी दिसताहेत?

बाबा : पांढरी.

लेक : पांढरी आणि सुरकुतलेली. आत पाणी काठोकाठ आणि ही बाहेर तहानेने व्याकूळ. दिवसभर मी लोकांना गाडी शिकवते, बाबा. ब्रेक कुठला नि क्लच कुठला हे ज्यांना कळत नाही, तेसुद्धा पाय ठेवायच्या आधी मला विचारतात. तुम्हाला विचारायला काय होतं?

बाबा : चुकलं.

लेक : दर वेळी चुकलं म्हणून मोकळे! मागे खिडकीच्या फटी बुजवल्या, खिडकी उघडेना. मग वॉशिंग मशीनचा पाइप गळतो म्हणून त्याचं तोंड बांधून टाकलं.

बाबा : गळत होताच तो.

लेक : पाणी बाहेर टाकायचाच पाइप तो! गुडघाभर फेसात उभी होते मी. आता मी अजून काही बोलायच्या आत मला सांगा, दाराशी ही बॅग कुणाची?

बाबा : माझी. सकाळच्या गाडीने निघतो. तू येईपर्यंत थांबलो होतो.

लेक : निघता? कुठे?

बाबा : घरी. दुसरीकडे कुठे जाणार?

लेक : त्या घरी? मोरीत पाय घसरून रात्रभर पडून होता तुम्ही तिथे. दूधवाल्याने आरडाओरडा केला म्हणून शेजारी उठले. मला फोन आला तेव्हा शिकवणीची गाडी माझ्या हातात होती. ती कशी बाजूला घेतली माझं मला माहीत. आणि तुम्ही मला न विचारता बॅग भरता?

बाबा : आता ठणठणीत आहे मी.

लेक : तेव्हाही ठणठणीतच होता!

जावई : अगं, हळू. बाबा, इथे काही कमी पडतंय का तुम्हाला? तिच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका.

बाबा : तिच्या बोलण्याचं नाही हो. ती बोलते ते बरं वाटतं मला, तिकडे कोण बोलतंय? पण इथे माझं काम काय? नळ झाले, सिंक झालं, बाथरूमचं छत झालं. तुमच्या घरात आता काही गळतच नाही. तुम्ही दोघं सकाळी बाहेर पडता, आणि मी पंखा बघत बसतो. खरं सांगू? गॅलरीत ही नळकांडी ओली दिसली ना, तेव्हा आनंद झाला मला. म्हटलं, अजून थोडे दिवस निघतील.

लेक : गळती सापडली म्हणून आनंद?

बाबा : हो. आणि तीही मेली गळती निघाली नाही.

(जावई रिकामे कप गोळा करतो.)

जावई : बरं, आता झाडांचं काय करायचं? नवी नळकांडी आणून त्यांवर बसवू या.

लेक : ओढली की मुळं तुटतात. मातीला घट्ट धरून बसलीत ती.

बाबा : मग मरू द्यायची?

लेक : मरू कशाला द्यायची? आतून पाणी येत नाही, तर बाहेरून द्यायचं. फवाऱ्याने. मुळं हिरवी झाली की थांबायचं, पांढरी पडली की पुन्हा. दुपारी तर मारायलाच हवा.

जावई : दुपारी? तू शिकवणीला, मी दुकानात. दुपारी कोण मारणार?

लेक : तेच म्हणतेय मी. कोण मारणार?

बाबा : …साधारण किती दिवस लागतील?

लेक : दिवस? बाबा, ऑर्किडचं सगळंच सावकाश असतं. नवी मुळं फुटायला हवीत, ती धरायला हवीत. वर्ष धरा. दीडसुद्धा लागेल.

जावई : एक मिनिट. बाबा, मघाशी तुम्ही ते टाकीचं सांगत होतात ना? कोमट पाणी भरून ठेवलं की लेप आपोआप—

लेक : तू कप आत नेऊन ठेवतोस का?

जावई : ठेवतो गं. पण एका संध्याकाळचं काम असेल तर—

बाबा : ते टाकीला, जावईबापू. ही माती. मातीत मुरलेला लेप नाही निघत.

लेक : ऐकलंस? नाही निघत. जन्म गेलाय त्यांचा त्यात.

जावई : अच्छा… नाही निघत. मग काय, इलाजच खुंटला. येताना फवाऱ्याची बाटली आणतो. आणि एक उशी.

लेक : आणि बाबा, नीट ऐका. नुसतं पाणी मारायचं. त्यात काही मिसळायचं नाही. नळकांड्यांवर हिरवं धरलं तर खरवडायचं नाही. भिंत ओली झाली तर होऊ द्यायची.

बाबा : भिंत ओली झाली तर—

लेक : होऊ द्यायची!

बाबा : बरं. होऊ देईन. पण त्या कडेचं नळकांडं जरा तिरपं दिसतंय, बारीकशी पाचर—

लेक : हात लावायचा नाही!

बाबा : नाही लावत. …एक विचारू का गं?

लेक : आता काय?

बाबा : ही बॅग पलंगाखाली ढकलून देऊ?

लेक : असल्या गोष्टी विचाराव्या लागतात का, बाबा?