रांगेतला सतरावा

सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा, थोरांच्या हातावर पाणी घालून आशीर्वाद घेण्याचा सण, सरून आठवडा झाला होता. लम्पांगच्या दवाखान्यात, औषधाच्या रांगेत उभ्या असलेल्या पिकुलला मागच्या, वृद्धाश्रमातल्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"सायथाँग, यंदा तुझ्या हातावर किती जणांनी पाणी घातलं गं?"

"एका ऑफिसातली तीस माणसं आली होती. मोगऱ्याचं पाणी, फोटो, सगळं साग्रसंगीत. बोटं भिजून पांढरीफटक पडली माझी."

"आणि मुलगा? यंदाही नाहीच ना आला?"

"आला की. त्याच रांगेत होता, सतरावा."

"अगं बाई. मग?"

"मग काय. त्याचा साहेब शेजारीच उभा होता, ओळख नाही दाखवली पोराने."

"आणि तू आशीर्वाद दिलास?"

"सगळ्यांना दिला तोच दिला. म्हटलं, तुझी आई शंभर वर्षं जगो, बाळा."

"काय म्हणाला?"

"थँक यू, आजी."