ऋताच्या बाबांची माहिती

चौबे कॉलनीतल्या क्लबच्या सभागृहात दत्तोपंत बायकोच्या नावाची शिष्यवृत्ती द्यायला येऊन बसले होते. त्यांच्या पुढच्याच खुर्च्यांवर मायलेकी बोलत होत्या.

“आई, मी नाही जात स्टेजवर.”

“काहून वं, ऋता?”

“माइकवर घरचं सगळं सांगतात. मागच्या साली अबोलीचा बाप दारूनं मेला म्हणून सांगितलं. वरून टाळ्या!”

“तुहे बाबा काही दारू नव्हते पीत.”

“फाशी घेतली ना? तेच वाचतील.”

“फॉर्ममध्ये विचारलं होतं, तं मीच लिहिलं. नाहीतर तुहं कॉलेज कसं होईल, बेटा?”

“मग तूच जा!”

ऋताचं नाव पुकारलं. आई उठली. सगळं वाचून होईस्तोवर ती स्टेजवर मान खाली घालून उभी राहिली. टाळ्या झाल्या. पाकीट देताना दत्तोपंतांना तिच्याकडे बघवलं नाही.