न चाखलेली पपई

सन्माननीय अध्यक्षमहाराज, संशोधन केंद्राचे संचालक, व्यासपीठावरील पाहुणे आणि समोर बसलेल्या मंडळींनो,

आज निवृत्त होणाऱ्या शास्त्रज्ञबाई म्हणजे माझी धाकटी बहीण. मी फळांचा घाऊक व्यापारी. आमच्या घरात फळं पिकण्यावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी दुसऱ्यांच्या घरी वाटणीवरूनही होत नसतील.

पपईचा ट्रक गाळ्यावर येतो तेव्हा तळच्या थराचा लगदा झालेला असतो. हमाल तो घमेल्यांनी बाहेर काढतात. लहानपणी वडिलांच्या गाळ्यावर हिने ते पाहिलं आणि मोठेपणी हट्टाने उपाय शोधला. फळ स्वतःच एक वायू सोडतं आणि त्याने पिकतं. तो वायू बनवणारं पपईतलं जनुक हिने मंद केलं. माझ्या पपया नासून जायच्या, तरी हिच्या आपल्या टणकच.

असं जनुक बदललेलं फळ बाजारात आणायला सरकारी समितीची परवानगी लागते. समिती म्हणाली, उत्तम, आता चाचणी पुन्हा करा. केली. मग समितीच बदलली. नव्यांना सगळं पहिल्यापासून समजून घ्यायचं होतं. अध्यक्षमहाराज, आपण हसताय, पण त्या समितीत आपणही होतात.

चाचणी संपली की फळं खड्ड्यात पुरायची, असा नियम. गेल्या हंगामात मी केंद्राच्या चाचणीच्या शेतावर गेलो, तर बाईसाहेब स्वतः फावडं घेऊन उभ्या. मी एक पपई हळूच पिशवीत सरकवली.

"दादा, ती परत ठेव."

"अगं, एकच. गाळ्यावर ठेवून बघतो."

"ठेव म्हटलं ना."

ठेवली. करता काय? चिडून विचारलं, "निदान चवीला कशी आहे, ते तरी सांग."

माती ओढता ओढता ती म्हणाली, "मला काय माहीत? खायची परवानगी कुठे आहे?"

मंडळी, मी तिथेच बांधावर बसलो. उभं आयुष्य ज्या फळात घातलं, त्याची एक फोडही हिच्या तोंडात गेली नव्हती. मी समितीच्या नावाने बोटं मोडायला लागलो, तर मलाच म्हणते, "त्यांचं चुकत नाही रे. लोकांच्या पोटात जायचंय, तपासायलाच हवं." आता अशा माणसाची बाजू घ्यायची तरी कशी?

संचालकसाहेब, मानपत्र सुंदर आहे. पण परवानगी येईल तेव्हा बाई इथे नसतील, घरी असतील. पहिली फोड तेवढी तिकडे पाठवा. गोड निघाली तर उत्तम. फिकी निघाली, तर ही दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कामाला लागायला तुमच्या दारात उभी राहील, आणि तिला आवरणं माझ्याच्याने होणार नाही.

माझ्यासारख्या व्यापाऱ्याला इथे बोलू दिलंत, त्याबद्दल आभार. वैतागाच्या भरात कुणाला काही लागलं असेल, तर ते पोटात घालावं, ही विनंती.