बाप्याच्या पोटातली पिशवी

सिस्ट म्हणजे काय, हे मी आजवर एकाच माणसाला समजावून सांगितलंय. अंथुर्ण्याच्या तात्यांना. माझा मोठा भाऊ गेला, तेव्हा ते भेटायला आले होते.

"दादा कशानं गेला रं?"

"पोटात पिशवी फुटली."

तात्यांनी चहा खाली ठेवला. "बाप्याला कुठली आली पिशवी? ती बायांना असती."

"ती न्हाय वो. बारामतीचा डॉक्टर म्हणला, सिस्ट. आत पाणी, भवतीनं कातडं, अशी बंद पिशवी. लिव्हरवर होती. कुत्र्याच्या जंताची अंडी पोटात गेली की होती म्हणं."

"मेंढीच्या काळजावर पाण्याचा फुगा निघतो, तसली?"

"तसलीच. तो फुगा कुत्र्यानं खाल्ला, की त्याला जंत होत्यात."

"आरं, आपण तर तो कापून कुत्र्यालाच टाकतो की!"

दादाचं कुत्रं अंगणातच बसलं होतं. मी उठून काठी उचलली. आतून वहिनी ओरडली, "भाऊजी, त्याला टाकत कोण होतं? तुमचा भाऊच न्हवं? मारायचं न्हाय. जंताची गोळी घाला."

काठी टाकली. इंदापुरातून गोळी आणली आणि भाकरीत घालून पुढं केली. कुत्रं हुंगून लांब जाऊन बसलं. शेवटी मी दादाच्या आवाजात, तो मारायचा तशीच हाळी मारली. कुत्रं पळत आलं आणि भाकरी खाऊ लागलं.

वळून बघितलं, तर वहिनीही पळत दारात आली होती.