पहिल्या जागेची तार

छे, ते स्टूल नका घेऊ, त्याचा एक पाय आखूड आहे – ही खुर्ची घ्या, माझीच आहे, बसा निवांत. मी उभाच बरा. तर तुम्ही विचारलंत, एवढी घाई कशाची. घाई नव्हे हो, घाई हा शब्द इथं बसत नाही – आपण उत्कंठा म्हणू. सकाळी तुम्ही फोनची ती जुनी पेटी भिंतीवरून उतरवलीत ना, तेव्हापासून या कचेरीत एकही घंटा वाजलेली नाही. हिशेबनीस दोनदा मुका रिसीव्हर कानाला लावून पुन्हा ठेवून गेले. सवय, दुसरं काय. पंपांची पेढी आहे ही. कुणाच्या तरी विहिरीवरचा पंप बंद पडतो आणि इथं फोन वाजतो. म्हणून म्हटलं, लवकर होईल का. नव्या पेटीला वीज द्यायची आणि तिला चार गोष्टी सांगायच्या, एवढंच ना राहिलंय? कुठला फोन आला की कुठं वाजायचं, कोणत्या टेबलावरून बाहेर बोलता यायचं – याला तुम्ही प्रोग्रामिंग म्हणता. म्हणा. मी पूर्वी एक्स्टेन्शनलासुद्धा विस्तारित दूरध्वनी म्हणायचो. कारकून मंडळी तोंडाला रुमाल लावून हसायची. आता मीही एक्स्टेन्शन म्हणतो. माणूस कशाकशाला शरण जातो, त्याला काही सुमार नाही.

कोण, मालक? ते काय, त्या काचेपलीकडे, चष्मा कपाळावर आणि डोळे वर्तमानपत्रात. माझे सासरे. हो, म्हणजे मी जावई, इथं जावईसाहेबच म्हणतात मला, घरी जावईबापू. माझं नाव काय हे आता बहुधा आमच्या हिलाच ठाऊक असेल. घर वरच आहे. हा जिना चढला की घर, उतरला की कचेरी, आणि जिना आतल्या आत – त्यामुळे पावसापाण्याचा त्रास नाही, छत्री लागत नाही. लोक हेवा करतात माझा. तुम्हीही मघाशी म्हणालातच की, बरं आहे तुमचं. बरं आहे. नाही म्हणालो का मी?

तारांचं काल ठरलंच होतं आपलं. तुम्ही म्हणालात, पहिल्या जागी कुणाचीही तार चालेल, तारेला मानपान नसतो. आणि मी म्हटलं, तारेला नसेल, आम्हाला असतो, पहिली जागा मालकांची. चौथी माझी. शेवटची वरच्या स्वयंपाकघरातली. बरोबर लावल्यात तुम्ही, मी पाहिलं. माझं विचारणं वेगळंच होतं, आणि जरा हळू आवाजात विचारतो, कारण ही काच दिसते जाड पण आहे पातळ – मालकांनी एक सोय मुद्दाम मागून घेतली आहे ना? कुणाचंही बोलणं चालू असताना मध्ये शिरता येण्याची? मागितलीच असणार. तिच्यासाठीच तर नवी पेटी. जुन्या पेटीत ते नुसता रिसीव्हर उचलायचे, एक बारीकशी टिचकी वाजायची आणि मग श्वास. तो श्वास मी गर्दीत ओळखेन. एकदा मी माझ्या आईशी बोलत होतो, ती बिचारी गुडघ्यांचं सांगत होती, तर मध्येच आवाज आला – विहीणबाई, तेलाचा हात उलटा फिरवू नका. मग दोघं गुडघ्यांवर बोलत राहिले, आणि मी रिसीव्हर धरून उभा. शेवटी मलाच म्हणाले, जावईबापू, तुम्ही ठेवा, आमचं चाललंय.

हसा, हसा. मीही हसलो होतो. वाईट नाहीत हो ते, तीच तर सगळी अडचण आहे. वाईट असते तर कडाकडा भांडलो असतो आणि बाहेर पडलो असतो. हा माणूस मी जेवल्याशिवाय जेवत नाही. मी शाळेत शिकवत होतो तेव्हा – हो, भाषा, वरच्या वर्गांना, म्हणून तर हे शब्दांचं वेड – तेव्हा त्यांच्या छातीत दुखायला लागलं, मुलगा नाही, ही एकुलती एक, तर म्हणाले, थोडे दिवस पेढीवर बसता का. थोडे दिवस. नाही कसं म्हणणार? ते आजारातून उठले आणि मी जो बसलो तो बसलोच. कुणी बळजबरी केली असं नाही. दाराला कुलूप घातलं असं तर नाहीच नाही. कुठं निघालात, असं फक्त विचारतात. आणि चला, मीही येतो पाय मोकळे करायला, म्हणून चपला घालतात.

तर विचारायचं होतं ते हे, की एखाद्या टेबलाला त्या सोयीतून वगळता येतं का? येतं? नुसतं वगळता येतं म्हणता, की कुणाला न कळता येतं? बरं. मग चौथ्याला वगळा. आणि बाहेरून येणारा फोन आधी चौथ्यालाच वाजू द्या – निदान आजच्या दिवस. का म्हणजे, काही गुपित नाही. आहे, पण तुम्हाला सांगायला हरकत नाही, तुम्ही आज आहात, उद्या दुसऱ्या कुणाच्या भिंतीशी. दुपारी माझा एक फोन यायचा आहे. माझा – पेढीचा नव्हे.

तिकडे डोंगरापलीकडे एक निवासी शाळा आहे, तिचे मुख्याध्यापक मागच्या आठवड्यात पंप न्यायला आले होते. पूर्वी आम्ही एकाच शाळेत होतो. बिल होईपर्यंत उभे राहिले आणि म्हणाले, सर – कितीतरी काळानं कुणी तरी सर म्हणालं हो – आमचे भाषेचे शिक्षक सोडून चाललेत, राहायला दोन खोल्या मिळतील, मागे आवार आहे, या. आज त्यांच्या समितीची बैठक आहे. ती उठली की ते फोन करणार, आणि मी त्याच फोनवर हो म्हणायचं. तिथल्या तिथे. समितीला विचार करायला वेळ देण्याची सवय नाही. दुसरा उमेदवार बाहेर बाकावर बसवलेलाच असेल, मी चाचरलो की त्याला आत घेतील. मी आपण होऊन करू म्हणता? शाळेत फोन एकच, तोही मुख्याध्यापकांच्या खोलीत, बैठक असली की खोलीला कुलूप. आणि कुठून करू – वरून? वरचा फोनही याच पेटीतला. रस्त्यावर जाऊन? मघाशी सांगितलं ना, चपला दोन जोड निघतात.

हिला माहीत आहे, हो. तिनंच तर मला ढकललं. म्हणाली, बाबांना सांगणं माझ्यानं व्हायचं नाही, ते तोंड पाडतील आणि मी विरघळेन. पण तुम्ही एकदा फोनवर हो म्हणून टाकलंत ना, की मी खाली येईन ती बॅग घेऊनच, मग काय रडायचं ते गाडीत रडेन. बॅग भरली आहे तिनं. पलंगाखाली आहे. सकाळपासून स्वयंपाकघरात भांडी वाजताहेत ती उगाच. काम काही नाहीये तिला.

म्हणून म्हणतो, आता करा चालू. तारा एकेक तपासून मग वीज द्यायची, हे मला पटतं, अगदी शंभर टक्के पटतं, पण तेवढ्यात त्यांचा फोन आला आणि लाइन मेलेली लागली तर? आधी जीव घाला तिच्यात. सांगायचं ते मागाहून सांगा. तुमचं काही चुकलं तर माझ्यावर ढकला, मी आहे. दाबा.

वा. हिरवा दिवा लागला. आता हे एकामागून एक लुकलुकतंय ते काय – स्वतःची ओळख करून घेते आहे होय? छान. ऐकलंत? माझ्या टेबलावर किणकिणलं, अर्धवट, झोपेत कुणी हुंकार द्यावा तसं. वरही वाजलं बघा. थांबा, उचलून पाहतो. आहे, आहे, सूर आहे. किती दिवसांनी हा आवाज गोड वाटला. आता सांगा तिला – चौथा. बाहेरचे फोन चौथ्याला.

इथून नाही सांगता येत? मग कुठून? पहिल्या फोनवरून. पहिला म्हणजे – त्यांचा. त्यांच्या खोलीत बसून, त्यांच्या टेबलावरून, त्यांच्यासमोर एकेक आकडा दाबायचा. बरं. आणि ते होईपर्यंत बाहेरून आलेला फोन कुठं वाजतो? नाही, पेटी कारखान्यातून कशी येते ते नकोय मला, कुठं वाजतो एवढंच सांगा. पहिल्याला. सगळेच्या सगळे पहिल्याला.

आधी नाही का सांगायचं, अहो. सांगत होतात? हो, तपासू द्या म्हणालात खरे, मीच बोलू दिलं नाही. असो. मग तारा बदलू. माझी पहिल्या जागी, त्यांची चौथ्या – त्यांना काय कळणार आहे, तारेला मानपान नसतो, तुम्हीच म्हणालात. वीज पुन्हा बंद करावी लागेल? करा बंद. नको, थांबा, त्याच क्षणी आला तर. किती वेळ बंद राहील? नाही, करा, करा तुम्ही बंद, स्क्रू ड्रायव्हर कुठं ठेवलात, इथं तर होता –

वाजला.

आत वाजला. पंपाचा असेल कुणाचा तरी. पंपाचेच तर येतात दिवसभर. चष्मा खाली घेतला त्यांनी. उचलला. हसताहेत – म्हणजे गिऱ्हाईकच. गिऱ्हाइकाशी ते असेच हसतात. आता उभे राहिले. गिऱ्हाइकासाठी ते उभे राहत नाहीत. इकडे बघताहेत माझ्याकडे. हात वर केला. त्यांचा हात थांबा म्हणताना आणि या म्हणताना सारखाच असतो, मला अजून उलगडलेला नाही. जा म्हणता? दार तर उघडंच आहे. आत जायचं आणि म्हणायचं, बाबा, तो माझा फोन आहे, द्या इकडे. वाक्य सोपं आहे. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी आहे. जातो ना. तुमची ही तार पायात येते आहे, ती जरा – हं. जातोच आहे. मान हलवताहेत ते. खूप आदरानं हलवताहेत.

ठेवला.

या ना, बाबा, या. हे तारांचं बघत होतो यांच्याबरोबर. शाळेतून? कुठल्या? अच्छा, ते मुख्याध्यापक, मागच्या आठवड्यात पंप नेला त्यांनी. हो, ओळख आहे जुनी. मला? नाही, कल्पना… सहज बोलले असतील ते. मग काय सांगितलंत तुम्ही? हो. हो, खरंच आहे, हे सगळं टाकून मी कसा जाणार. नाही हो बाबा, राग कसला त्यात. उलट बरंच केलंत, मला तोंडावर नाही म्हणणं जड गेलं असतं. डोळे? ते या भिंतीतला चुना उडाला ना, त्यानं. आवाज स्वच्छ आला ना? चांगली आहे पेटी. पाठवतो यांना, तुमच्याच फोनवरून ते पुढचं सगळं करायचं असतं. हो, मी जेवलोय. तुम्ही घ्या जेवून.

असे बघू नका माझ्याकडे. आता उलटा फोन करून काय होणार – बाकावरचा माणूस आत जाऊन बसलासुद्धा असेल, त्याला पाणी विचारत असतील. आणि त्यांनी खोटं काय सांगितलं? आमचे जावई आमच्याशिवाय राहू शकत नाहीत, असं म्हणाले. इतक्या प्रेमानं म्हणाले की दुरुस्त कुठं करायचं तेच –

हा माझा. माझ्या टेबलावर वाजतोय. बाहेरचा नव्हे, बाहेरचा इथं कसा येईल. वरून आहे.

हं, बोल. हो, झाले चालू. ऐकू येतंय ना नीट? नाही. नाही गं, अजून नाही आला. बैठक लांबली असेल. मी इथंच आहे ना टेबलाशी, कुठं जातोय. तू ती खाली नको आणूस एवढ्यात. जड आहे ती. हो. आला की सांगतो.

तुम्ही जा आत. खोळंबलेत ते.