सगळ्या वायरी हिरव्या

वायरमन : नाव नकोच मला. एवढंच सांगा, हे करणारा शुद्धीवर होता ना?

बाबा : मेहुणा माझा. हिच्या आईचा धाकटा भाऊ. अर्धं घर केलं आणि पक्कड आपटून चालता झाला.

चिंगी : आपटून नाही, बाबा. मामा पक्कड पिशवीत घालून गेला. टेस्टर तेवढा खिडकीत विसरला.

बाबा : चिंगे, तू आत जा. आईच्या कोपरावर बर्फ धर.

चिंगी : धरून आले. आईच म्हणाली, बाहेर थांब आणि बाबांना कशाला हात लावू देऊ नकोस.

वायरमन : थांबू दे साहेब. बॅटरी धरायला कोणीतरी लागतंच. धर गं. माझ्या डोळ्यांत नको, हॉलच्या या बॉक्समध्ये. अरे बापरे! सगळ्याच हिरव्या? अख्ख्या घरात एकच रंग?

बाबा : बघा ना! आणि बाहेरची बेल दाबली की बाथरूमचा दिवा जातो. पाहुणा दारात आणि घरातला माणूस अंधारात, डोळ्यांत साबण घेऊन! असे एकेक प्रताप.

चिंगी : हिरवं बंडल कोणी आणलं, ते सांगा ना आधी.

बाबा : चांगली वायर होती ती.

चिंगी : दुकान बंद पडत होतं, तिथे एकच रंग उरला होता, म्हणून आणलीत. मामा किती गयावया करत होता! "दाजी, तीन रंग आणा. फेज, न्यूट्रल, अर्थिंग, भिंतीत गेल्यावर ओळखायचं कसं?"

बाबा : वीज काय रंग बघून धावते?

चिंगी : हेच! शब्द न् शब्द हेच! आणि वर शेजारचे काका-काकू चहाला बसलेले असताना त्याला विचारलंत, "तू वायरमन आहेस की रंगारी?" सगळे खो खो हसले. मामा नाही हसला. कप तसाच ठेवला आणि गेला.

वायरमन : पण या वायरींना गाठी आहेत टोकाला. या कशाला?

चिंगी : मामाची युक्ती. रंग नाहीत तर गाठी. एक गाठ फेज, दोन गाठी न्यूट्रल, बिनगाठीची अर्थिंग. मी शेजारी बसून मोजत होते. हॉल झाला, दोन्ही खोल्या झाल्या, आणि मग तो चहा झाला.

वायरमन : बरं. चला, स्वयंपाकघरात चला. शॉक नेमका कुठे बसला?

चिंगी : ओट्यावरच्या या प्लगला. आई माझा शाळेचा शर्ट इस्त्री करत होती. नवी इस्त्री, पहिल्यांदाच लावली. हात लावला आणि किंचाळून मागे आपटली. इतके दिवस इथे मिक्सर लावतोय, त्याला कधी काही झालं नाही.

वायरमन : मिक्सरला दोनच पिना. इस्त्रीला तिसरी असते, अर्थिंगची. मेन बंद आहे ना? उघडतो. हं. अरे, अरे, अरे! साहेब, इकडे या! फेजचाच एक तुकडा अर्थिंगच्या भोकात! म्हणजे इस्त्रीच्या अंगात सरळ वीज! तुमची बाई वाचली हो. ज्याने हे केलं ना, त्याच्या हातात चमचासुद्धा देऊ नये.

बाबा : बोला, बोला! हिला ऐकू द्या. मामा, मामा करते सारखी.

वायरमन : नुसता अडाणी असता तर चाललं असतं. हा अडाणी आणि वर आगाऊ!

बाबा : अगदी माझ्या तोंडातलं बोललात!

वायरमन : आणि जोडाला टेप कसली लावलीय बघा! जांभळी! चांदण्या आहेत हो हिच्यावर!

चिंगी : कुठे? सरका. ही बॅटरी धरा तुम्ही.

बाबा : चिंगे, हात नको लावू.

चिंगी : ही माझी आहे. प्रोजेक्टच्या कागदांना कडेने लावायची चिकटपट्टी. आठवीत मैत्रिणीने दिली होती.

बाबा : असतात बाजारात पुष्कळ.

चिंगी : मामा गेला तेव्हा मी सातवीत होते, बाबा.

वायरमन : मी जरा मेन बघून येऊ का?

चिंगी : नाही, थांबा! पट्टी हरवली म्हणून मी अख्खं दप्तर उलटं केलं होतं. आणि हे मला काय म्हणाले? "वस्तू जागेवर ठेवायची सवय लाव!" बाबा, ती जागेवरच होती. तुम्ही ती भिंतीत घातलीत!

बाबा : आवाज खाली कर. मिक्सर बंद होता. तीन वायरी नुसत्या लोंबत होत्या. तुझी आई रोज एकच, भावाला बोलवा, भावाला बोलवा. म्हटलं, त्यात काय आहे एवढं?

चिंगी : गाठी नव्हत्या त्यांना!

बाबा : मला काय माहीत तुमच्या गाठी!

चिंगी : मला विचारायचं! घरातच होते मी! आणि शॉक बसल्यावर तरी बोलायचंत! सकाळपासून मामाच्या नावाने शंख चाललाय तुमचा. मघाशी बर्फ धरत होते, तेव्हा आई म्हणाली, "माझ्या भावाचं काम असं नव्हतं गं." आणि रडली. कोपर दुखतंय म्हणून नाही. तिला वाटतंय, सख्ख्या भावाने घाईत तिच्या जिवाशी खेळ केला. वाटू दिलंत तुम्ही तिला तसं!

बाबा : वायरमन, तुम्ही पुढचं काम सुरू करा.

वायरमन : नाही साहेब. स्वयंपाकघराची लाइन तोडून ठेवतो. भिंतीत कुठली वायर कुठून कुठे गेलीय, ते घालणाऱ्यालाच माहीत. तो सांगेल तर मी करतो. नाहीतर सगळ्या भिंती फोडा. आणि मघाचं माझं बोलणं जरा... म्हणजे मला कल्पना नव्हती.

चिंगी : मागे घेऊ नका तुम्ही. एक अक्षरही नका घेऊ.

बाबा : चिंगे, तूच फोन लाव. तुझं ऐकतो तो.

चिंगी : मुळीच नाही. मी लावला तर मामा धावत येईल, आणि तुम्ही गॅलरीत पेपर तोंडासमोर धरून बसाल.

बाबा : त्याचा नंबर नाही माझ्याकडे.

चिंगी : आहे. "अर्धवट" या नावाने आहे. आईनेही पाहिलाय.

(बाबा फोन लावतात.)

बाबा : हॅलो... हो, मीच... नाही, बरी आहे ती. कोपराला लागलंय. शॉक बसला... हो, स्वयंपाकघरातल्या... नाही रे. तुझा नव्हता तो जोड... ऐक. येतोस? आत्ता ये. आणि हे बघ, दारात आलास की बेल दाबू नकोस. हाताने वाजव. बेलही मीच जोडलीय.